ईओटी क्रेनच्या सांगाड्याची तपासणी कशी आखावी

बुटीबोरी, हिंगणा किंवा कळमेश्वरच्या एखाद्या कारखान्यात मेंटेनन्स विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याकडे लवकरच क्रेनची फाइल सोपवली जाते. फाइलमध्ये सक्षम व्यक्तीचे, म्हणजे शासनमान्य तपासनीसाचे, वार्षिक प्रमाणपत्र असते, लोड टेस्टचा अहवाल असतो, दोर आणि ब्रेक लायनर बदलल्याच्या नोंदी असतात. गर्डरच्या, म्हणजे क्रेनच्या मुख्य आडव्या तुळईच्या, वेल्डविषयी मात्र बहुधा 'समाधानकारक' एवढा एकच शब्द असतो. दोर, हूक, ब्रेक हे भाग रोज नजरेखालून जातात, त्यांची झीज दिसते आणि ते बदलताही येतात. सांगाडा मात्र जमिनीपासून दहा-पंधरा मीटर उंचीवर, धुळीच्या थराखाली वर्षानुवर्षे तसाच असतो, आणि त्यात तडा वाढत असतानाही क्रेन नेहमीसारखीच माल उचलत राहते. म्हणूनच सांगाड्याची तपासणी स्वतंत्रपणे आखावी लागते, आणि ती आखताना कॅलेंडरइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष क्रेनने प्रत्यक्षात किती व कसे काम केले याकडे द्यावे लागते.

हा लेख प्रामुख्याने दुहेरी बॉक्स गर्डरच्या (पोकळ पेटीसारख्या दोन तुळयांच्या) ईओटी क्रेनविषयी, म्हणजे छताखाली उंचावरील रुळांवर विजेने चालणाऱ्या क्रेनविषयी, आहे. उघड्या यार्डात स्वतःच्या पायांवर जमिनीवरील रुळांवरून चालणाऱ्या गोलियाथ अर्थात गँट्री क्रेनसाठी लागणाऱ्या वेगळ्या बाबी त्या त्या ठिकाणी दिल्या आहेत.

कायद्याची किमान अपेक्षा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार प्रत्येक उचल यंत्राची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा सखोल तपासणी व्हावी लागत असे, यंत्रावर सुरक्षित कार्यभार ठळकपणे लिहावा लागत असे आणि त्यापेक्षा जास्त भार उचलता येत नसे. 'सखोल तपासणी' म्हणजे काय, हेही त्याच कलमात स्पष्ट केले होते: परिस्थितीनुसार शक्य तितक्या काळजीने केलेली दृश्य तपासणी, आणि आवश्यक तेथे अन्य साधनांची जोड देऊन व भाग सुटे करून केलेली तपासणी. यातील 'अन्य साधनांची जोड' हा भाग वाचला जातो, पण आखणीत उतरत नाही. सक्षम व्यक्ती एका दिवसासाठी येते. त्या दिवशी तिला गर्डरच्या खालच्या फ्लँजपर्यंत (तळाच्या आडव्या प्लेटपर्यंत) पोहोचण्याची सोय मिळाली नाही, तर ती जे पाहू शकली तेवढ्यावरच प्रमाणपत्र देणार. ती सोय करून ठेवणे हे कारखान्याचे, म्हणजे तपासणी आखणाऱ्या तुमचे काम आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाची जागा घेतली असल्याने, नोंदवहीचे नमुने, सक्षम व्यक्तीच्या मान्यतेची व्याप्ती व मुदत आणि नियमांचे चालू स्वरूप या गोष्टी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातून तारखेनिशी तपासून घ्याव्यात. मान्यतापत्राची प्रत फाइलला लावताना त्यात उचल यंत्रांचा समावेश आहे का, हे जरूर पाहावे.

पहिली पायरी: क्रेनचा कामाचा इतिहास मांडणे

वर चढण्याआधी टेबलावर बसून करायचे हे काम आहे, आणि माझ्या मते संपूर्ण आखणीतील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे.

क्रेनचा सांगाडा अनंत काळासाठी बनवलेला नसतो. त्याची रचना ठरावीक कार्यचक्रांसाठी केलेली असते. माल उचलण्यापासून पुढचा माल उचलण्यास क्रेन सज्ज होईपर्यंतचा काळ म्हणजे एक कार्यचक्र. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यासाठी यू० ते यू९ असे वर्ग आहेत: यू४ म्हणजे अडीच लाख चक्रांपर्यंत, यू५ म्हणजे पाच लाखांपर्यंत, यू६ म्हणजे दहा लाखांपर्यंत. त्याला भाराच्या स्वरूपाची जोड दिली जाते. क्रेन बहुतेक वेळा हलके वजन उचलते की जवळपास पूर्ण क्षमतेचे, यावरून क्यू१ ते क्यू४ अशा चार पातळ्या ठरतात, आणि दोन्ही मिळून ए१ ते ए८ असा क्रेनचा गट ठरतो. पाच लाख चक्रांचीच क्रेन हलक्या भारासाठी ए४ गटात बसते, तर सतत पूर्ण भारासाठी ती ए७ गटात जाते. जुन्या क्रेनच्या पाटीवर ही भाषा आढळणार नाही, तेथे 'क्लास' असा उल्लेख असेल. अशा वेळी उत्पादकाच्या मूळ गणनपत्रकाची मागणी करावी, आणि ते मिळाले नाही तर स्ट्रक्चरल अभियंत्याकडून अंदाज बांधून घ्यावा.

आता एक साधे गणित करून पाहावे. एखाद्या स्टील प्लांटमधील क्रेन तासाला १२ वेळा माल उचलते, दिवसाला २० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालते असे धरले, तर वर्षाला ७२,००० चक्रे होतात, आणि सातव्या वर्षाच्या अखेरीस पाच लाखांचा टप्पा ओलांडला जातो. त्याच कारखान्यातील मेंटेनन्स बेमधील क्रेन दिवसाला दहा वेळा चालत असेल, तर तिची वर्षाची चक्रे जेमतेम ३,००० होतील. दोन्ही क्रेन एकाच वर्षी बसवलेल्या, दोन्हींची प्रमाणपत्रे एकाच तारखेची, आणि तरीही दोन्हींच्या सांगाड्याचे वय एकसारखे नाही. नुसते 'वर्षातून एकदा' हे वेळापत्रक पहिल्या क्रेनला अपुरे पडते.

भाराचा परिणाम तर याहून तीव्र असतो. वेल्डमधील थकव्याचे, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन होणारे, नुकसान ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निम्म्या भाराने होणारे नुकसान पूर्ण भाराच्या एक अष्टमांश असते, आणि उलट बाजूने पाहिले तर क्षमतेपेक्षा २५ टक्के जास्त भाराची एक उचल नियमित पूर्ण भाराच्या जवळपास दोन उचलींइतके नुकसान करते. 'थोडा जास्त माल होता, एकदाच उचलला' हे वाक्य शॉपमध्ये सहज ऐकू येते, आणि ते एकदाच नसते. म्हणून लोड सेलच्या (भार मोजणाऱ्या संवेदकाच्या) नोंदी असतील तर त्या काढाव्यात. नसतील तर हीट शीट (भट्टीतील प्रत्येक वितळणीची नोंद), डिस्पॅच रजिस्टर किंवा वजनकाट्याच्या पावत्यांवरून गेल्या तीन महिन्यांचा अंदाज काढावा आणि तो मागे विस्तारताना क्रेनचे काम कधी बदलले होते का, हे जुन्या माणसांना विचारावे. साठवणुकीसाठी घेतलेली क्रेन नंतर मेल्टिंग शॉपमध्ये हलवली गेल्याचे कागदावर कुठेच नसते.

क्रेन ऑपरेटरशी याच टप्प्यावर बोलावे. कॅबिनमध्ये आठ तास बसणाऱ्या माणसाला क्रेनचे वागणे कोणत्याही मीटरपेक्षा आधी कळते. "साहेब, माल उचलला का डाव्या अंगानं टक्क वाजते, खाली ठेवला का बंद," असे एखादा ऑपरेटर सांगतो, तेव्हा त्यात आखणीसाठी तीन गोष्टी असतात: आवाज भाराखालीच येतो, डाव्या बाजूला येतो, आणि भार निघताच थांबतो. असा आवाज बहुधा एंड कॅरेजच्या, म्हणजे गर्डरच्या टोकाला असलेल्या चाकांच्या चौकटीच्या, जोडातील सैल बोल्टचा किंवा तेथील तडकलेल्या वेल्डचा असतो. ऑपरेटरचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून घ्यावेत. 'आवाजाची तक्रार' असे कोरडे वाक्य लिहिले की दिशा आणि वेळ दोन्ही हरवतात.

दुसरी पायरी: धोक्याच्या जागांचा नकाशा

सांगाड्याचा प्रत्येक इंच सारख्याच बारकाईने पाहणे शक्य नसते, आणि तसे पाहण्याची गरजही नसते. तडे ठरावीक जागीच सुरू होतात: जेथे ताण जास्त असतो, आकार अचानक बदलतो किंवा वेल्ड संपतो. ड्रॉइंग समोर ठेवून या जागांवर क्रमांक टाकावेत आणि प्रत्येक पुढच्या तपासणीत तेच क्रमांक वापरावेत.

बॉक्स गर्डरमध्ये सर्वप्रथम मध्यभागातील खालचा फ्लँज आणि वेब (बाजूची उभी प्लेट) यांमधील वेल्ड पाहावा, कारण तेथे ओढीचा ताण सर्वाधिक असतो. फ्लँज प्लेटचा जोड मध्यभागाजवळ असेल, तर त्याला वेगळा क्रमांक द्यावा. गर्डरच्या आत ठरावीक अंतरावर आडव्या पडद्यांसारख्या प्लेट असतात. त्यांना डायफ्रॅम म्हणतात. त्या वरच्या फ्लँजला वेल्ड केलेल्या असतात आणि खालच्या फ्लँजच्या थोड्या वर सोडून दिलेल्या असतात. वेबवरचा त्यांचा वेल्ड जेथे खाली संपतो, तेथे तडे सुरू होण्याची शक्यता बरीच असते. क्रॅबचा, म्हणजे गर्डरवरून फिरणाऱ्या उचल-गाड्याचा, रूळ वेबच्या बरोबर वर नसून फ्लँजच्या मधोमध असेल, तर प्रत्येक चाक जाताना वरचा फ्लँज डायफ्रॅमच्या मध्ये किंचित वाकतो, आणि तेथील वेल्डला फेऱ्यांची संख्या उचलींपेक्षा कितीतरी अधिक सोसावी लागते.

गर्डरची खोली टोकाकडे जेथे कमी होते, तो कोपरा आणि तेथून एंड कॅरेजपर्यंतचा जोड हा नकाशातील दुसरा मोठा भाग. क्रेन रुळांवर तिरकी चालत असेल, तर तिचे आडवे बल नेमके याच जोडावर येते. तिरके चालण्याची खूण खालूनही दिसते: चाकाची फ्लँज एका बाजूने झिजलेली असते आणि रुळाची आतली कड चकाकते. अशी चकाकी दिसली की चाक बदलून थांबू नये, एंड कॅरेजचे वेल्ड त्याच फेरीत पाहून घ्यावेत.

क्रॅबच्या चौकटीत ड्रमचे आणि वरच्या पुलीचे आधार, तसेच हॉइस्ट गिअरबॉक्सचे पाये पाहावेत. प्लॅटफॉर्म, शिडी, केबल ट्रे यांसाठी गर्डरवर नंतर जोडलेले छोटे क्लिट वरवर बिनमहत्त्वाचे वाटतात, पण खालच्या फ्लँजवर कोणीतरी घाईत मारलेला दोन इंचांचा वेल्ड हा तड्याचा नेहमीचा उगम आहे. मूळ ड्रॉइंगमध्ये नसलेला प्रत्येक वेल्ड नकाशावर लाल रंगाने दाखवावा.

क्रेन जिच्यावर चालते ती गँट्रीही या नकाशात असलीच पाहिजे. ती इमारतीचा भाग म्हणून सिव्हिल विभागाकडे आणि क्रेन मेकॅनिकलकडे, अशी विभागणी अनेक कारखान्यांत असते, आणि या दोहोंच्या मध्ये गँट्री गर्डर कोणाच्याच यादीत राहत नाही. वरचा फ्लँज आणि वेब यांमधील वेल्ड, खांबावरील ब्रॅकेट, रुळाचे क्लिप, दोन गर्डरांमधील जोड, टोकाचे एंड स्टॉप आणि बफर यांची जबाबदारी आखणीच्या पहिल्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्यावी. आयएस ८०० : २००७ मध्ये विजेवर चालणाऱ्या ५० टनांपर्यंतच्या क्रेनसाठी गँट्री गर्डरचा उभा बाक गाळ्याच्या १/७५० आणि त्यापुढील क्षमतेसाठी १/१००० इतका मर्यादित ठेवला आहे. साडेसात मीटरच्या गाळ्यात पहिली मर्यादा १० मि.मी. होते. बाक त्याहून अधिक आढळल्यास क्रेनच्या आधी गँट्रीचा विचार करावा लागतो.

वितळलेला धातू वाहणाऱ्या लॅडल क्रेनसाठी खालच्या फ्लँजवर उष्णतेचा परिणाम, रंग जळाल्याच्या खुणा आणि हीट शील्डची स्थिती हे मुद्दे वाढवावेत, आणि अशा क्रेनला वेळापत्रकात नेहमी पहिला क्रमांक द्यावा.

तिसरी पायरी: नागपूरच्या ऋतुमानानुसार तारीख ठरवणे

विदर्भातील उन्हाळा हा येथे सोयीचा नव्हे, तंत्राचा प्रश्न आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या छताखाली क्रेनच्या पातळीवरची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. डाय पेनिट्रंट (रंगीत द्रव तड्यात मुरवून तडा दाखवणाऱ्या) चाचणीची प्रचलित कार्यपद्धती साधारण ५ ते ५२ अंश सेल्सिअस पृष्ठतापमानासाठी प्रमाणित असते. उन्हातील गोलियाथ क्रेनचे पोलाद दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते. मग पेनिट्रंट तड्यात मुरण्याआधीच पृष्ठभागावर वाळतो, खूण उमटत नाही आणि अहवालात 'दोष आढळला नाही' असे लिहिले जाते. शिवाय बॉक्स गर्डरच्या आत शिरणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका असतो, तो वेगळाच. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तप्त नऊ दिवसांत तर हे काम ठेवूच नये.

माझी शिफारस अशी की सर्वांगीण तपासणी दिवाळीच्या शटडाऊनला जोडून किंवा त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत ठेवावी. तेव्हा हवा कोरडी असते, पावसाळ्यातील गंज नुकताच वर आलेला असतो आणि अनेक कारखान्यांत बे रिकामा मिळतो. दुसरी, तुलनेने छोटी फेरी मार्चमध्ये ठेवावी. यार्डातील क्रेनसाठी ही फेरी अधिक महत्त्वाची आहे, कारण एप्रिल-मेमध्ये अवकाळी वादळे येतात. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५८ कि.मी. दिला आहे. रेल क्लॅम्प गंजून बसलेले असतील किंवा वादळातील नांगरणीच्या पिना जागेवर नसतील, तर ब्रेक लावलेली गोलियाथ क्रेनही वाऱ्याने ढकलली जाऊन रुळाच्या टोकाला आदळू शकते.

कोराडी किंवा खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांसारख्या ठिकाणी टर्बाइन हॉलच्या क्रेनचा हिशोब वेगळा असतो. ही क्रेन वर्षाचा बराच काळ जवळपास उभीच असते आणि संचाच्या ओव्हरहॉलमध्ये तिला एकदम सर्वांत जड भाग उचलायचा असतो. तिची तपासणी ओव्हरहॉलच्या काळात आखली, तर क्रेन रिकामी मिळत नाही आणि तडा सापडल्यास दुरुस्तीला वेळ उरत नाही. म्हणून ती ओव्हरहॉलच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी पूर्ण करावी.

चौथी पायरी: वर पोहोचण्याची व्यवस्था आणि परवाने

उत्पादन विभागाशी वेळ ठरवताना 'क्रेन चार तास द्या' असे मोघम मागू नये. क्रमांक दिलेल्या जागांची संख्या, प्रत्येकी सफाई, तपासणी व वाळण्याचा वेळ आणि मचाण हलवण्याचा वेळ मांडून तासांचा हिशोब लेखी द्यावा. मध्यम आकाराच्या दुहेरी गर्डर क्रेनसाठी दोन पूर्ण दिवस लागतात असे धरून चालावे. एका दिवसात उरकलेल्या कामात गर्डरचा आतला भाग हमखास राहून जातो.

परवानगीच्या बाबतीत चार गोष्टींवर मुळीच तडजोड करू नये. पहिली, मुख्य स्विच बंद करून कुलूप आणि टॅग लावणे, आणि त्या कुलपाची किल्ली तपासणाऱ्याच्याच खिशात असणे. दुसरी, त्याच बेमधील शेजारच्या क्रेनचा बंदोबस्त: रुळाच्या जवळ काम करणाऱ्या माणसापासून क्रेन ६ मीटरच्या आत येऊ नये, असे जुन्या अधिनियमाचे कलम २९ सांगत असे, म्हणून रुळावर तात्पुरते स्टॉपर बसवावेत, लाल झेंडा लावावा आणि दुसऱ्या क्रेनच्या ऑपरेटरची सही परवान्यावर घ्यावी. नुसत्या तोंडी सूचनेवर विसंबू नये, कारण पाळी बदलताना ती पुढच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. तिसरी, उंचीवर दोन लॅनयार्डचा फुल बॉडी हार्नेस आणि त्यासाठी आधीच ताणलेली लाइफलाइन. हूक कुठे अडकवायचा हे वर गेल्यावर शोधायची वेळ येता कामा नये. चौथी, बॉक्स गर्डरचा आतला भाग ही बंदिस्त जागा आहे. तेथे शिरण्याआधी ऑक्सिजनचे प्रमाण मोजावे, ते १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास आत जाऊ देऊ नये, २४ व्होल्टपर्यंतचाच हातदिवा वापरावा आणि मॅनहोलपाशी एक माणूस सतत उभा ठेवावा. पेनिट्रंट आणि क्लीनरचे स्प्रे ज्वलनशील असल्याने त्यांचा वापर आत करायचा असेल, तर हवा खेळती ठेवण्याची सोय परवान्यातच लिहून घ्यावी.

खाली दोरी बांधून हालचालीस बंद केलेल्या जागेत एक खलाशी, म्हणजे क्रेनवरचा मदतनीस कामगार, पहाऱ्याला असावा. वरून पडणारा छोटा पाना पंधरा मीटरवरून जीव घेऊ शकतो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष तपासणीचा क्रम

आधी सफाईच्या अगोदरची नजर टाकावी, कारण तड्याची सर्वांत चांगली खूण धुळीतच दिसते. उघडमीट होणाऱ्या तड्यातून गंजाची बारीक भुकटी बाहेर येते आणि वेल्डच्या कडेने रंगावर तांबूस-तपकिरी रेघ उमटते. केसाइतकी बारीक असलेली ही रेघ बहुतेकदा सरळ असते, खाली ओघळलेल्या पाण्याच्या डागासारखी पसरट नसते. टॉर्च समोरून न धरता पृष्ठभागाला जवळपास समांतर धरावा, म्हणजे रंगातील चिरेची सावली पडते. अशी प्रत्येक जागा खडूने वर्तुळ करून, शेजारी मोजपट्टी धरून फोटोत घ्यावी. खलाशांनी आधीच कापडाने सगळे लख्ख पुसून ठेवले, तर हा पुरावा नाहीसा होतो. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यांना हे आदल्या दिवशीच समजावून सांगावे.

त्यानंतर सफाई करून अविनाशी, म्हणजे भाग न कापता दोष शोधणाऱ्या, चाचण्या घ्याव्यात. साध्या पोलादी वेल्डसाठी मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी पहिली निवड असावी. ती लवकर होते आणि रंगाचा अगदी पातळ थर असला तरी चालते. डाय पेनिट्रंटसाठी रंग पूर्ण काढावा लागतो, आणि तो ग्राइंडरने खरवडून काढल्यास पृष्ठभागावरचे पोलाद तड्याच्या तोंडावर पसरून ते बुजते, म्हणून पेंट रिमूव्हर वापरावा. पेनिट्रंट लावल्यानंतर साधारण दहा मिनिटे मुरू द्यावे आणि डेव्हलपरनंतरही तेवढाच वेळ थांबावे. घाई करणाऱ्याला येथे ठामपणे थांबवावे लागते. फ्लँजच्या बट जोडांसाठी आणि हूकच्या शँकसाठी अल्ट्रासॉनिक चाचणी घ्यावी, आणि गंजलेल्या प्लेटची जाडी मोजून मूळ ड्रॉइंगशी ताडून पाहावी. चाचणी करणारा किमान लेव्हल २ प्रमाणित असावा आणि त्याच्या प्रमाणपत्रावर तीच पद्धत नमूद असावी.

बोल्टच्या जोडांकडे मी अधिक लक्ष देण्यास सांगेन. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ अशी श्रेणी कोरलेली असते. एकाच जोडात दोन श्रेणी मिसळलेल्या आढळल्यास मागे कोणीतरी हाताशी असलेला बोल्ट बसवलेला आहे, असे समजावे. टॉर्क रेंचने तपासताना सैल सापडलेल्या बोल्टची संख्या लिहावी. एका गटातील दोन-तीन बोल्ट सैल असतील, तर नुसते आवळून पुढे न जाता जोडाचे पृष्ठभाग सरकले आहेत का, हे पाहावे.

मोजमापे शक्यतो पहाटे घ्यावीत. पोलाद दर अंश सेल्सिअसला एका मीटरमागे सुमारे ०.०१२ मि.मी. प्रसरण पावते. म्हणजे २५ मीटरच्या गाळ्यात सकाळ-दुपारच्या २० अंशांच्या फरकाने लांबी ६ मि.मी.ने बदलते. रुळांमधील अंतर जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी मोजून दोन्ही आकड्यांची तुलना केली, तर नसलेला दोष सापडतो किंवा असलेला झाकला जातो. प्रत्येक मोजमापाशेजारी वेळ आणि पोलादाचे तापमान लिहावे. गर्डरचा रिकाम्या अवस्थेतील कॅम्बर, म्हणजे मुद्दाम दिलेला वरच्या बाजूचा बाक, टोटल स्टेशनने किंवा ताणलेल्या तारेने मोजून मागील नोंदीशी ताडावा. तो वर्षागणिक कमी होत असेल, तर अतिभाराचा तो स्पष्ट पुरावा आहे.

लोड टेस्टबद्दल एक गैरसमज

'क्रेनने १२५ टक्के भार उचलला, म्हणजे सांगाडा ठीक आहे' हा समज फार खोलवर रुजलेला आहे. नवी क्रेन सुरू करताना किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर १२५ टक्क्यांची चाचणी घेणे योग्य आहे. त्यातून त्या दिवशीची ताकद कळते, आणि भार उतरवल्यावर गर्डर मूळ जागी परत येतो की कायमचा वाकला आहे, हेही समजते. परंतु थकव्याने आलेला ४० मि.मी.चा तडा असलेला गर्डरही ही चाचणी बहुधा सहज पार करतो, कारण तड्याला मोठा होण्यासाठी एक मोठा भार नव्हे, तर हजारो फेऱ्या लागतात. म्हणून लोड टेस्टला वेल्ड तपासणीचा पर्याय मानू नये. ती घ्यायचीच असेल, तर नकाशातील मुख्य जागा आधी तपासाव्यात आणि चाचणीनंतर त्याच जागा पुन्हा पाहाव्यात. ठोस कारण नसताना दरवर्षी १२५ टक्के भार लावण्याचा प्रघात मला अनाठायी वाटतो.

सहावी पायरी: सापडलेल्या दोषाचे काय करायचे

हा निर्णय तपासणीच्या दिवशी वर उभे राहून घेण्याचा नाही. त्याचे नियम आधीच लेखी ठरवून त्यावर कारखाना व्यवस्थापकाची सही घ्यावी, म्हणजे उत्पादनाचा दबाव असताना तरुण अभियंत्याला एकट्याने वाद घालावा लागत नाही. खालचा फ्लँज, एंड कॅरेजचा जोड, क्रॅबमधील ड्रमचे आधार आणि हूक यांत कोणत्याही लांबीचा तडा आढळल्यास क्रेन तत्काळ बंद. प्लॅटफॉर्म किंवा रेलिंगच्या वेल्डमधील तडा असल्यास तो भाग वापरासाठी बंद करून ठरावीक मुदतीत दुरुस्ती. गंजामुळे जाडी दहा टक्क्यांहून अधिक घटली असल्यास स्ट्रक्चरल अभियंत्याकडून फेरगणना. ही दहा टक्क्यांची रेषा मी सावधगिरीसाठी सुचवतो. उत्पादकाने याहून कडक मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी.

तड्यावर वरून वेल्ड मारणे ही सर्वांत घातक दुरुस्ती आहे, कारण तडा आत तसाच राहतो आणि वर नवा वेल्ड थोड्याच दिवसांत फाटतो. तडा मुळापर्यंत काढून, तो पूर्ण निघाल्याची चाचणीने खात्री करून, मंजूर वेल्ड पद्धतीनुसार पात्र वेल्डरकडूनच काम करून घ्यावे. तड्याच्या टोकाला भोक पाडून त्याची वाढ रोखण्याचा उपाय तात्पुरता आहे, आणि तोही क्रेन बंद असतानाच्या काळापुरता. क्रेनवर वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावावा. तो दूर कुठेतरी लावला, तर परतीचा प्रवाह चाकांच्या बेअरिंगमधून किंवा दोरातून जातो आणि तेथे ठिणग्यांचे खड्डे पडतात.

त्याच जागी पुन्हा तडा येत असेल, तर वेल्डरला दोष देण्याआधी कारण शोधावे. रुळांची समांतरता बिघडली आहे का, क्रेन तिरकी चालते का, चाकांच्या व्यासात फरक पडला आहे का, की मूळ गणनेपेक्षा जास्त चक्रे झाली आहेत, हे प्रश्न क्रमाने तपासले की बहुतेक वेळा उत्तर सापडते.

पुढील तारखा

अहवाल पूर्ण होताच पुढची तारीख चक्रांच्या हिशोबाने ठरवावी. मी वापरतो ते प्रमाण असे: रचनेसाठी धरलेल्या चक्रांपैकी निम्मी होईपर्यंत वार्षिक दृश्य तपासणी आणि मुख्य वेल्डपैकी काहींची आळीपाळीने अविनाशी चाचणी, निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत सर्व मुख्य वेल्डची दरवर्षी चाचणी, ८० टक्क्यांच्या पुढे दर सहा महिन्यांनी चाचणी आणि सोबत उरलेल्या आयुष्याचे स्वतंत्र मूल्यमापन. वितळलेला धातू वाहणाऱ्या क्रेनला यांतील एक पायरी आधीच लागू करावी. दुरुस्त केलेला वेल्ड या वेळापत्रकाबाहेर ठेवून एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पाहावा, आणि तिन्ही वेळा तो स्वच्छ आढळला तरच नियमित यादीत घ्यावा. चक्रांची मोजणी करण्यासाठी हॉइस्टच्या कंट्रोल पॅनलमध्ये काउंटर बसवून घ्यावा आणि त्याचा आकडा दर महिन्याच्या १ तारखेला लॉगबुकमध्ये उतरवण्याचे काम एका ठरलेल्या माणसाकडे सोपवावे.